आठ तासांचा स्लॅब

काँक्रीट ओतून संपलं तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. सकाळी सहाला पहिला घमेला पडला होता. पुलाचा दुसरा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला भाग, 8 मीटरचा, साधारण 40 घनमीटर माल. जनरेटरच्या उजेडात गवंड्यांनी शेवटचा हात मारला आणि मी मुकादमाला बजावलं, "उद्या दिवसभर यावर कुणाचं पाऊलसुद्धा पडायला नको." तो हसून म्हणाला, "मॅडम, कुत्रंबी फिरकू देत नाही."

हे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातलं काम. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भामरागडला एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की खुद्द तालुक्याचं गावच तुटतं. मग आतल्या गावांचं काय होत असेल? आमचा नाला नकाशावर निळ्या दोऱ्याएवढाही नाही, पण त्याच्या पलीकडे माडिया आदिवासींचं 34 घरांचं गाव आहे. जुलै ते सप्टेंबर तिथल्या लोकांची ये-जा पाण्याच्या मर्जीवर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्याच्याबद्दल लिहिणार आहे त्या पोराला लगेच ओळखतील.

एवढ्याशा गावाला पूल इतक्या उशिरा का, असं मला घरचे विचारतात. ग्रामसडक योजना 2000 साली आली तेव्हा सपाटीवर 500 आणि डोंगरी-आदिवासी भागात 250 लोकवस्तीची अट होती. नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी ती पुढे 100 पर्यंत खाली आली. पण रस्ता मंजूर होणं वेगळं आणि नाल्यावर पूल होणं वेगळं. खडीचा रस्ता नाल्याच्या काठाशी येऊन वर्षानुवर्षं थांबलेला मी तीन ठिकाणी पाहिलाय. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वांत मागे राहिलेल्या आदिवासी जमातींसाठी केंद्राचं पीएम-जनमन सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया या तीन जमाती आल्या, आणि असे अडकलेले काठ पुन्हा कागदावर आले.

खरं तर हा स्लॅब मार्चमध्येच पडायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, 8 मीटरचा गाळा ओतायला कोणाही इंजिनिअरचं मन धजावत नाही. उशीर दोन कारणांनी झाला. पहिलं म्हणजे मे महिन्यात तेंदूपत्त्याची, विडीच्या पानांची, तोडणी लागली की साईटवर माणूस उरत नाही. वर्षाची रोकड त्याच दोन-तीन आठवड्यांत हातात येते, त्याबद्दल कुणाला बोल लावणार? दुसरं कारण रस्त्याच्या आखणीचं. आमची सरळ रेघ गावाबाहेरच्या उभ्या दगडांमधून जात होती. माडिया लोक आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करतात. काही खांद्याएवढे, काही माझ्याहून उंच. वनहक्क कायद्यात अशा कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन घ्यायची तरी ग्रामसभेची शिफारस लागते. सभेत एक म्हातारे उठले आणि गावच्या आशा कार्यकर्तीकरवी, आशाताईंकरवी, त्यांनी विचारलं, "रस्त्यावरून काय येणार आणि काय जाणार?" दवाखाना, शाळा, रेशन असं मी सांगत गेले. ते म्हणाले, "येणार ते सांगितलंस. जाणार ते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या जिल्ह्यात रस्त्यावरून लाकूड गेलंय, बांबू गेलाय, आता खनिज जातंय. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

शेवटी दगड वगळून रस्ता वळवायचा, या अटीवर ठराव झाला. नवीन मोजणी, नवीन कागद, सात आठवडे गेले. तेव्हा मी फार चिडले होते. आज ते दगड डाव्या हाताला सुखरूप उभे दिसतात तेव्हा वाटतं की पहिली आखणी करतानाच कुणीतरी तिथे चालत जायला हवं होतं. ते माझंच काम होतं.

त्या रात्री आम्ही अलीकडच्या आश्रमशाळेत झोपलो. उन्हाळी सुट्टी होती, वर्ग रिकामे. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण छत्तीसगडातल्या अबूझमाडच्या डोंगरांच्या बाजूला विजा लवत होत्या. पहाटे साडेचारला वॉचमनने हाक मारली. काँक्रीटचे ह्यूम पाइप टाकून नाल्यातून केलेला आमचा तात्पुरता वळणरस्ता वाहून गेला होता. नाल्याला कमरेच्या वर लाल पाणी, आणि नव्या स्लॅबच्या सेंटरिंगचे टेकू त्या पाण्यात उभे.

साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 14 दिवस काढायचे नसतात. तोवर स्लॅब स्वतःच्या पायावर नसतो, तो टेकूंवर निजलेला असतो. पाण्याने टेकूंच्या बुडची माती नेली तर अख्खा गाळा खाली बसणार. मी बॅटरी घेऊन एकेक टेकू मोजत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आले.

सहा माणसं आणि एक बाज. पुढे गावचा पुजारी, मागे आशाताई. त्यांनी ओरडून सांगितलं, "मॅडम, मण्यार!" दहा वर्षांचा पोरगा जमिनीवर झोपला होता. रात्री कधीतरी चावला, त्याला कळलंही नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला आणि अंथरुणाखाली साप सापडला. मण्यारीचं असंच असतं. सूज नाही, आग नाही, डासाएवढी खूण. आणि मग एकेक स्नायू बंद पडत जातो. आशाताई म्हणाल्या, "डोळे उघडत नाहीयेत त्याचे."

भामरागडचं ग्रामीण रुग्णालय तिथून 14 किलोमीटर. आमची गाडी अलीकडे तयार होती. मधे 16 मीटर. अलीकडचा 8 मीटरचा गाळा तीन आठवड्यांचा, त्यावरून ट्रॅक्टर गेला नसता पण माणसं खुशाल गेली असती. पलीकडचा सव्वाआठ तासांचा.

पाण्यातून दोर धरून एकटा माणूस आला असता. पोराला खांद्यावर घेऊन, वाहत्या लाकडांतून, अंधारात? पाय सरकला तर दोघं गेले असते.

भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटचा अंतिम सेट, म्हणजे घट्ट बसणं, जास्तीत जास्त 600 मिनिटांत व्हायला हवा. ते प्रयोगशाळेतलं. मी वर चढले, ओलं गोणपाट बाजूला केलं आणि अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. नख ओढलं तर पांढरी रेघ उमटली आणि नखात भुकटी आली. म्हणजे बसलं होतं, पण कच्चं. माणसांच्या वजनाची मला काळजी नव्हती, कारण आदल्या दिवशी त्याच टेकूंनी 40 घनमीटर ओला माल पेलला होता. काळजी होती ती टेकूंच्या बुडाची. कुठला टेकू कधी सुटेल हे वरून दिसत नव्हतं. ही जबाबदारी कुणावर ढकलण्यासारखी नव्हती, आणि विचारायला फोनला रेंजही नव्हती.

मुकादम माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, "फळ्या आण."

उरलेल्या सेंटरिंगच्या फळ्या आम्ही गोणपाटावरून पलीकडच्या टोकापर्यंत अंथरल्या. पहिली मी चालले. हळू, पाय न आपटता. खाली पाणी टेकूंना धडकत होतं आणि तो थरकाप फळीतून तळपायाला कळत होता. पलीकडे अजून भराव नव्हता, मजुरांसाठी बांधलेली बल्ल्यांची शिडी होती. बाज त्यावरून चढणार नव्हती. बापाने पोराला पाठीवर घेतलं, पुजाऱ्याने आपल्या खांद्यावरचं धोतर सोडून दोघांना एकत्र बांधलं. शिडी चढताना पोराची मान एका बाजूला कलली, तेव्हा आशाताईंनी मागून हाताने ती धरून ठेवली आणि तशाच, एका हाताने, त्या शिडी चढल्या. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

मी सांगितलं होतं, फळीवरूनच चाला, एकामागे एक, अंतर ठेवून. बाप तसाच चालला. जिथे फळी संपून जुना गाळा सुरू होतो तिथे वीतभर जागा उघडी राहिली होती. तिथे त्याची टाच पडली.

सहाच्या आत गाडी निघाली. सोबत बाप आणि आशाताई. पोरगा श्वास घेत होता, पण नुसता वरवर.

वळून पाहिलं तर मागे राहिलेली माणसं गावाकडे परतली नव्हती. पुजारी आणि तिघं जण काठाने खाली उतरून पाण्यात शिरले होते. मी काही सांगितलं नव्हतं. ते टेकूंच्या बुडाशी दगड रचत होते, अगदी शेतातला बांध घालतात तसे, मोठा दगड प्रवाहाच्या अंगाला. थोड्या वेळाने गावातून आणखी लोक आले, बांबू तोडून आणले, वाळूच्या गोण्या भरल्या. आमचे गवंडी, मुकादम, मी, सगळे दुपारपर्यंत पाण्यात होतो. ज्यांनी सभेत आमचा रस्ता वळवायला लावला होता, ते म्हातारेही गोण्यांची तोंडं शिवत काठावर बसले होते. अकराच्या सुमारास पाणी उतरू लागलं. दोन टेकू सुटले होते, ते आम्ही पाचर ठोकून पुन्हा बसवले.

पोराला भामरागडला सापाच्या विषावरचं प्रतिविष सुरू झालं आणि श्वास मंदावला म्हणून त्याला अहेरीला नेलं. तीन दिवस मला काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी आशाताईंचा निरोप आला की डोळे उघडले, पेज मागतोय.

गाळ्याचे 28 दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे तपासणीचे ठोकळे, पास झाले. तपासणीला आलेल्या साहेबांनी जोडाजवळचा टाचेचा ठसा बोटाने दाखवून विचारलं, "हे काय?" मी साईट डायरी उघडून त्या तारखेचं पान समोर ठेवलं. त्यात लिहिलं होतं: पहाटे 5.40, स्लॅबवरून पाच माणसं पार, पैकी एक रुग्ण. टेकूंची दुरुस्ती, ग्रामस्थ 31, मजुरी कोणी घेतली नाही.