बॉस्टनच्या तळ्यातला बर्फ हिंदुस्थानात कसा टिकला?

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं, तेव्हा जवळजवळ १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! पुढे हाच बर्फ मुंबईतही उतरू लागला, फोर्टात त्याच्यासाठी बर्फघर होतं.

व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. पण माझ्या मते खरं श्रेय नॅथॅनियल वाएथचं. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँड तळ्यावर त्याने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर वापरात आणला. आधी तळ्यावरचा भुसभुशीत हिम खरवडून काढायचा, कारण त्याच्या थराखाली बर्फ नीट जाड होत नाही. मग सरळ रेघा आखून त्याच रेघांवरून नांगर पुन्हापुन्हा फिरवायचा. खाच आरपार न्यायची नाही. खोल गेली की पहारीने ठोकळा सुटतो. ठोकळे बहुधा २२ इंच चौरस.

हा नेमका चौकोन सगळ्यात महत्त्वाचा. वेडेवाकडे तुकडे रचले की फटींत हवा खेळते आणि बर्फ आतून वितळतो. चौकोनी ठोकळे घट्ट बसतात. त्यांच्या आणि जहाजाच्या लाकडाच्या मध्ये भुसा, तोही लाकूडगिरण्यांत टाकाऊ म्हणून पडलेला. वितळलेलं पाणी सतत उपसावं लागे. साचलं तर भुसा भिजून त्याचा उपयोग संपतो.

ट्यूडरने १८०६ साली मार्टिनिक या कॅरिबियन बेटावर पाठवलेला पहिला माल मात्र बुडीत गेला: बर्फ पोचला, पण तिथे बर्फघरच नव्हतं.