परळची यादी २००४ लाच का थांबते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दर निवडणुकीच्या आसपास कुणी ना कुणी हे विचारतंच: मुंबईतल्या परळ विधानसभा मतदारसंघाच्या आमदारांची यादी तुम्ही २००४ लाच का तोडता? खाली शिवडीचे आमदार जोडले की झालं!

नाही होत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत, २००१ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या. माझगाव, नायगाव, दादर, माटुंगा, चिंचपोकळी गेले, तसंच परळही गेलं. शिवडी मात्र जुन्या नकाशातही होती आणि नव्यातही आहे, क्रमांक १८३. सगळा घोळ इथेच होतो, कारण नाव तेच राहिलं आणि हद्द बदलली. पटत नसेल तर २००४ च्या चार शेजारी आमदारांचं २००९ ला काय झालं ते बघा. जुन्या शिवडीचे सचिन अहिर वरळीतून निवडून आले. माझगावचे बाळा नांदगावकर नव्या शिवडीतून आले, नायगावचे कालिदास कोळंबकर वडाळ्यातून. परळचे दगडू सकपाळ नव्या शिवडीत उभे राहिले आणि नांदगावकरांकडून हरले. आता परळच्या रांगेत नांदगावकर लिहायचे? मग माझगावच्या रांगेत कोण?

जुनं परळ नव्या मतदारसंघांशी जोडायचंच असेल तर काम वेगळं आहे. २००४ चा नमुना २०, म्हणजे निकालाचा अधिकृत तक्ता, मिळवा, त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. सोबत त्याच निवडणुकीची मतदारयादी हवी. केंद्राच्या नंबरावर विसंबू नका, पुनर्रचनेनंतर नंबर नव्याने पडले. शाळेच्या नावावरही नको, कारण एका शाळेत पाच-सहा केंद्रं भरतात आणि ती सगळी एकाच बाजूला गेली असतील असं नाही. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर त्या भागातल्या गल्ल्या आणि चाळी दिलेल्या असतात. चाळीला चाळ जुळवत जा. चाळ पाडून टॉवर उभा राहिला असेल तर तिथे धागा तुटतो. माणसं तात्पुरत्या संक्रमण शिबिरात, नावं जुन्या पत्त्यावर, आणि टॉवरमध्ये राहायला आलेले मतदार भलतेच. मग त्या केंद्राचा आकडा रिकामा सोडा. अंदाजाने भरू नका.

मागे जातानाही हीच काळजी घ्यावी लागते. १९६७ आणि १९७२ ची निवडणूक २७० जागांच्या नकाशावर झाली, १९७८ ते २००४ च्या निवडणुका २८८ जागांच्या. म्हणजे परळ नावाचेही निदान दोन मतदारसंघ आहेत. माझ्या यादीत त्यांच्यामध्ये एक आडवी रेघ आहे. ती छपाईची चूक नाही.

पण मला खरं बोलायचंय ते यादीतल्या एका ओळीबद्दल. कॉपी करणारे ती हमखास उडवतात. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालात परळ काढलं तर १९६७ ला कृष्णा देसाई, भारतीय कम्युनिस्ट पक्ष, आणि त्यानंतर थेट १९७२. पोटनिवडणुका त्या अहवालात नसतात. मग लोकांना वाटतं, मधली १९७० ची ओळ चुकून आली.

५ जून १९७० ला लालबागमध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. त्याआधी, डिसेंबर १९६७ मध्ये, परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर शिवसैनिकांचा हल्ला होऊन गेला होता. गिरणगावात कामगार कुणाचा, हा झगडा रस्त्यावर आला होता. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. डावे पक्ष आणि इंदिरा गांधींची काँग्रेस त्यांच्या मागे होती. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिकांना ३१,५९२ मतं, सरोजिनीबाईंना २९,९१३. फरक १,६७९. शिवसेनेचा पहिला आमदार असा विधानसभेत गेला.

हा फरक हातात घेऊन बघा. महाडिकांची ८४० मतं फिरली असती तर ते ३०,७५२ वर आले असते आणि सरोजिनीबाई ३०,७५३ वर. एका मताने निकाल उलटा! ८४० मतं म्हणजे किती? नुसतं माप म्हणून सांगतो, एका बीडीडी चाळीत ८० खोल्या असतात. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. खोलीमागे तीन-साडेतीन मतदार धरले तर तीन चाळी. आमदाराचा खून होऊन पाच महिने उलटले नव्हते, त्याची बायको उभी होती, आणि निकाल तीन चाळींवर होता. म्हणून ‘परळने कम्युनिस्टांना नाकारलं’ असं कुणी लिहिलं की मला राग येतो. परळ जवळजवळ मधोमध चिरलेलं होतं.

मीही पूर्वी ठामपणे लिहीत असे की गिरणगावाचा रंग त्या दिवशी बदलला. आज तसं लिहिणार नाही. १९७२ ला सेनेचा एकच आमदार निवडून आला, गिरगावात प्रमोद नवलकर. परळ दीड वर्षात हातचं गेलं. मग तो दिवस निर्णायक कसा? आणि निर्णायक नव्हता म्हणावं, तर लालबाग-परळ पुढे सेनेचा बालेकिल्ला कशाच्या जोरावर झाला? दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

याच मतदारसंघातून १९९० ला सेनेचे विठ्ठल चव्हाण निवडून आले आणि १९९२ मध्ये, आमदार असतानाच, त्यांचाही खून झाला. एका जागेचे दोन आमदार असे गेले. मी आकड्यांच्या आड लपतो, माणसांबद्दल बोलत नाही, असं तुमच्यातल्या काहींनी ऐकवलंय. १,६७९ हा आकडा मी माणसांसाठीच जपून ठेवलाय.

एक मात्र माझीच चूक होती, ती सुधारतो. १९७० च्या ओळीत ‘पोटनिवडणुकीचं कारण’ या रकान्यात मी बरीच वर्षं ‘आमदाराचे निधन’ असं लिहीत आलो. तक्त्यात तसंच लिहितात. तुमच्याकडे जुनी प्रत असेल तर तो शब्द खोडा आणि तिथे ‘खून’ लिहा.