थकलेलं भाडं आणि अडकलेला अर्ज

अमेरिकेतल्या कोविडकाळाबद्दल आजही सर्रास ऐकू येतं, ‘तेव्हा सरकारने भाडं माफ केलं होतं.’ भाडं कधीच माफ नव्हतं. ४ सप्टेंबर २०२० पासून सीडीसीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेने, भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर स्थगिती आणली, एवढंच. तीही आपोआप लागू होत नव्हती. आपली मिळकत घटली आहे, जमेल तेवढं भाडं आपण देतो आहोत, असं प्रतिज्ञापत्र सही करून घरमालकाच्या हातात द्यावं लागे. मालक काढू शकत नव्हता, पण थकबाकी महिन्यागणिक वाढत होती. २६ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ही स्थगिती उठवली आणि साचलेलं सगळं ओझं एकदम अंगावर आलं.

ते ओझं उचलण्यासाठी वेगळा पैसा होता. डिसेंबर २०२० च्या कायद्याने २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ च्या कायद्याने आणखी साधारण साडेएकवीस अब्ज डॉलर मंजूर झाले. नाव इमर्जन्सी रेंटल असिस्टन्स. केंद्राच्या ट्रेझरी खात्याने हा पैसा राज्यांना, दोन लाखांवर वस्ती असलेल्या कौंट्यांना म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, शहरांना आणि आदिवासी सरकारांना दिला आणि वाटपाचे नियम बरेचसे त्यांच्यावर सोडले. त्यामुळे एकाच कायद्याचा पैसा शेजारच्या दोन कौंट्यांमध्ये दोन वेगळ्या फॉर्मांवर, दोन वेगळ्या कागदांच्या याद्यांवर मिळत होता. न्यू जर्सीने पूर्वअर्ज मागवून सोडत काढली. न्यू यॉर्कने १ जून २०२१ ला ऑनलाइन पोर्टल उघडलं. जून २०२१ संपेपर्यंत देशभरात मिळून जेमतेम ३ अब्ज डॉलर लोकांपर्यंत पोचले होते. तिजोरीत पैसा होता. अडत होतं ते कागदांवर, आणि ती अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आजच्या मदत योजनाही जवळपास याच कागदांवर चालतात.

पात्रतेच्या अटी तीन. कोविडमुळे मिळकत घटली असावी किंवा खर्च वाढलेला असावा. घर जाण्याचा धोका असावा, आणि त्याला थकबाकीची नोटीस किंवा न भरलेलं वीजबिलही पुरत असे. तिसरी अट मिळकतीची: त्या भागातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत. हा आकडा गृहनिर्माण खातं दर वर्षी कौंटीनुसार जाहीर करतं आणि घरातल्या माणसांप्रमाणे तो बदलतो. चौघांच्या कुटुंबाची मर्यादा धरली ८०,००० डॉलर, तर एकट्याची तिच्या ७० टक्के म्हणजे ५६,०००, दोघांची ६४,००० आणि तिघांची ७२,०००.

तिथे राहणारे आपल्याकडचे पुष्कळ लोक इथेच वाचायचे थांबले. गेल्या वर्षीचा डब्ल्यू-२, म्हणजे मालक कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा दाखला, काढला, त्यावर ९५,००० दिसले, अर्ज मिटला. पण कायद्यात दोन मार्ग होते: २०२० सालची पूर्ण मिळकत दाखवा, किंवा अर्ज करतानाची महिन्याची मिळकत दाखवा. समजा, एचवन या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी एप्रिल २०२१ मध्ये गेली, जोडीदार एचफोर या अवलंबितांच्या व्हिसावर आणि कामाचा परवाना नाही, घरात एक मूल. वरच्या उदाहरणात तिघांची मर्यादा महिन्याला ६,००० पडते. या घराची चालू मिळकत शून्य. दुसऱ्या मार्गाने हे कुटुंब सरळ पात्र ठरत होतं. फक्त दर तीन महिन्यांनी मिळकत पुन्हा दाखवावी लागे. बेकारभत्ता मिळालेला असलाच पाहिजे, अशी अट नव्हती. एचवनवाल्यांना तो बहुधा मिळत नाही. पण ‘बेकारभत्ता किंवा मिळकतीत घट’ अशी शब्दरचना होती आणि त्या ‘किंवा’कडे फार लोकांचं दुर्लक्ष झालं, याची मनापासून हळहळ वाटते.

तळघरात रोख भाड्याने राहणारे आणि एका लीजवर चौघं राहणारे विद्यार्थी, यांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. लेखी करार नसला तरी दार बंद नव्हतं. बँकेतून गेलेली रक्कम, झेल या पैसे पाठवायच्या ॲपमधल्या नोंदी, त्या पत्त्यावरचं बिल, मालकाचा भाडं मागणारा मेसेज, हे सगळं पुरावा म्हणून चालत होतं. काहीच नसेल तर स्वतःचं लेखी निवेदन घ्यायची मुभा होती. मात्र अशा वेळी मदतीला कमाल मर्यादा होती, त्या भागाचं सरकारने ठरवलेलं ‘फेअर मार्केट रेंट’, आणि एका वेळी तीन महिन्यांचाच हप्ता. रूममेटच्या बाबतीत कुठे सगळ्यांचा मिळून एक अर्ज लागे, कुठे ज्याचा त्याचा हिस्सा चाले. न विचारता दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले की एकाच पत्त्यावर दुहेरी मागणी दिसे आणि दोन्ही फायली बाजूला पडत. एका पानावर कोण किती भाडं देतो हे लिहून सगळ्यांच्या सह्या घेणं, एवढ्याशा कामाने ही अडचण टळते.

आता लेजर. अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच आणि सगळ्यात कमी वाचला जाणाराही हाच. लेजर म्हणजे मालकाच्या किंवा लीजिंग ऑफिसच्या वहीत तुमच्या नावावर महिन्यामहिन्याला काय लागलं आणि काय जमा झालं, याचा उतारा. समजा लीजवर भाडं १,८५० आहे. दर महिन्याला ६० पार्किंगचे आणि ४० पाणी-कचऱ्याचे धरून तुम्ही १,९५० देता. पाच महिने थकले म्हणून तुम्ही अर्जात ९,७५० लिहिता. मालक त्याच्या बाजूने १,८५० चे पाच महिने आणि प्रत्येकी ७५ लेट फी असे ९,६२५ लिहितो. दोघंही खरं बोलताहेत. पण फाइल तपासणाऱ्यासमोर दोन वेगळे आकडे आहेत. तो ‘अधिक माहिती हवी’ असा शेरा मारून पुढची फाइल उघडतो आणि तुमची पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. भाडं वेगळं, पाणी-वीज वेगळी, लेट फी वेगळी, असे तीन आकडे वेगवेगळे लिहायचे. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात आणि लेट फी तर काही ठिकाणी देतच नव्हते.

दुसरी खोच महिन्यांची. मार्च-एप्रिलचं भाडं थकलं, मे पासून पुन्हा सुरू केलं, म्हणून भाडेकरू अर्जात मार्च-एप्रिल लिहितो. पण बहुतेक ठिकाणचं सॉफ्टवेअर आलेला पैसा आधी सर्वांत जुन्या बाकीत जिरवतं, आणि लीजमध्ये तसं लिहिलं असेल तर त्याहीआधी लेट फीमध्ये. त्यामुळे लेजरवर मार्च-एप्रिल फिटलेले दिसतात आणि जुलै-ऑगस्ट थकलेले. रक्कम तीच, महिने वेगळे, अर्ज परत. म्हणून आधी लेजर मागवायचं, त्यावर तारीख आणि ऑफिसचं नाव आहे ना ते पाहायचं, आणि अर्जातले महिने त्याच्यासमोर बसून भरायचे. या योजनेत १३ मार्च २०२० च्या आधीची थकबाकी मुळीच धरली जात नव्हती. जुनी बाकी उताऱ्यात मिसळलेली असेल तर ती रेघ मारून वेगळी दाखवावी लागे.

मग नावं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, लीजवर नसतं. लीज एकाच्या नावावर आणि वीज दुसऱ्याच्या. कुणाच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. ‘ही दोन्ही नावं माझीच आहेत’ असं एका ओळीचं सही केलेलं निवेदन आणि सोबत पासपोर्टचं पान अर्जासोबतच जोडावं, मागायची वाट पाहू नये. मालकाच्या बाजूलाही हेच होतं. घर एलएलसीच्या म्हणजे मालकाच्या कंपनीच्या नावावर, डब्ल्यू-९ हा कराच्या माहितीचा फॉर्म मालकाच्या स्वतःच्या नावावर, आणि चेक कुणाच्या नावाने काढायचा यावर महिना जातो.

मालकाने उत्तरच दिलं नाही तर? ट्रेझरीने यासाठी स्पष्ट मुदत ठेवली होती. कार्यालयाने टपालाने पत्र पाठवून सात दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पाच दिवसांत फोन, मेसेज, ईमेल मिळून किमान तीन प्रयत्न करून झाले, किंवा मालकाने लेखी नकार दिला, तर पैसे थेट भाडेकरूला देता येत. दुसऱ्या टप्प्याच्या पैशात तर आधी मालकाकडे जायचीही सक्ती नव्हती. तरी कित्येक कार्यालयांनी हा अधिकार वापरला नाही. आपण दिलेला मालकाचा पत्ता, फोन किंवा ईमेल चुकीचा असेल तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, म्हणून ते दोनदा तपासावेत. न्यू यॉर्कने वेगळी वाट काढली. मालकाने मंजूर झालेले पैसे बारा महिन्यांत स्वीकारले नाहीत तर तेवढं भाडं त्याने सोडलं असं धरलं जाई. ते मंजुरीपत्र ज्याच्याकडे आहे त्याने जपून ठेवावं, कोर्टात ते बचाव म्हणून चालतं.

‘पब्लिक चार्ज’च्या भीतीने, म्हणजे सरकारी मदत घेतली तर ग्रीनकार्ड अडकेल या भीतीने, किती घरांनी अर्जच केला नाही याची मोजदाद नाही. मूळ कायद्यात इमिग्रेशनची अट नव्हती. काही ठिकाणच्या कार्यालयांनी आपापल्या अटी घातल्या, पण न्यू यॉर्कने व्हिसा कोणताही असो, अर्ज करा, असं उघड सांगितलं होतं. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमात भाड्याची मदत पब्लिक चार्जमध्ये धरली जात नव्हती. हे नियम सरकारगणिक बदलतात. त्यामुळे आज एखादी मदत घेण्याआधी त्या दिवशीचा नियम इमिग्रेशन वकिलाला विचारावा, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही.

करात ही रक्कम भाडेकरूची मिळकत धरली जात नाही. मालकाची मात्र धरली जाते, कारण त्याच्यासाठी ते भाडंच आहे. एकाच महिन्यासाठी दोन योजनांतून पैसे आले असतील तर परतफेडीचं पत्र येऊ शकतं, आणि ते आलं की गप्प बसू नये. लेजर दाखवून खुलासा करावा.

महाराष्ट्रात त्याच सुमाराला, १७ एप्रिल २०२० ला, गृहनिर्माण विभागाने किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढू नका, अशा सूचना घरमालकांना दिल्या होत्या. पण त्यामागे पैसा नव्हता. भाड्यावरच ज्या म्हाताऱ्या मालकाचं घर चालतं, त्याने काय करायचं याचं उत्तर त्या पत्रकात नव्हतं. अमेरिकेतल्या योजनेत कितीही दोष असले, तरी पैसा मालकाच्या हाती पडत होता, हा फरक मोठा आहे.

कॅलिफोर्नियाने ३१ मार्च २०२२ ला अर्ज घेणं थांबवलं, न्यू यॉर्कने २० जानेवारी २०२३ ला, आणि दुसऱ्या टप्प्याच्या केंद्रीय पैशाची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. आज भाडं थकलं तर २११ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि ‘रेंट अरिअर्स’साठी, म्हणजे थकलेल्या भाड्यासाठी, कौंटीत सध्या कुठला निधी उघडा आहे एवढंच नेमकं विचारायचं. न्यू यॉर्क शहरात ‘वन शॉट डील’ नावाची मदत आहे. अर्ज चालू असतानाही कोर्टाचे दिवस थांबत नाहीत. कॅलिफोर्नियात पैसे भरा किंवा घर सोडा अशी नोटीस तीन दिवसांची असते. त्यात शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या मोजत नाहीत. दावा दाखल होऊन समन्स हातात पडलं की उत्तर द्यायला आता कोर्टाच्या कामकाजाचे दहा दिवस मिळतात. २०२५ च्या आधी पाचच होते. न्यू यॉर्कमध्ये नोटीस चौदा दिवसांची, आणि सुनावणीच्या आधी पूर्ण थकबाकी दिली तर मालकाला ती घ्यावीच लागते. न्यू जर्सीत कुलूप लागल्यानंतरही कामकाजाचे तीन दिवस असतात. त्या मुदतीत सगळी बाकी भरली तर घर परत मिळतं. म्हणून मदत देणाऱ्या संस्थेकडून ‘अमुक रक्कम मंजूर आहे’ असं तारखेसह लेखी पत्र आधीच घ्यायचं, त्याची एक प्रत मालकाच्या वकिलाला ईमेल करायची आणि एक सुनावणीला छापून सोबत न्यायची.