अर्धा स्वर उतरलेला पियानो

बेळगावच्या कॅम्प भागातील एका बंगल्यात, कित्येक वर्षे कोणी हात न लावलेला उभा विलायती पियानो सुरात लावण्यासाठी मला बोलावले होते. आमचा मूळ धंदा पेटीदुरुस्तीचा. पियानोचे काम त्या मानाने क्वचितच येते. घरच्या काकूंची नात व्हायोलिन शिकते आणि तिला या पियानोची साथ हवी होती. मी मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली, तर कानावर काळी चार आली. ४४० हर्ट्झचा स्वर ४१५ च्या आसपास आला होता, म्हणजे पुरता अर्धा स्वर उतरला होता.

आहे त्याच पट्टीत तारा आपसांत जुळवून देणे हा सुरक्षित मार्ग होता, आणि तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या ढिल्या निघाल्या असत्या तर मी तोच धरला असता. मात्र पाना लावून पाहिल्यावर त्या घट्ट लागल्या. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अर्धा स्वर चढवायचा म्हणजे प्रत्येक तार सुमारे १२ टक्के जास्त ओढायची. आणि सव्वादोनशेच्या आसपास तारांची मिळून ओढ पंधरा-वीस टनांच्या घरात असते, म्हणजे त्या जुन्या चौकटीवर दोनेक टनांचा भार नव्याने पडणार होता. एखादी तार तुटेल, हे मी काकूंना आधीच सांगून ठेवले.

प्रत्येक तार वर ओढण्यापूर्वी किंचित सैल केली. गंजाने टेकूला धरलेली तार सुटताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. तो आल्यावरच पाना उलटा फिरवायचा. तरीही वरच्या सप्तकातली एक तार गेलीच. ती साध्या पोलादी तारेची असल्याने गुंडाळीतून तुकडा कापून भागले; खर्जातली तांब्याची वेटोळी घातलेली तार तुटली असती, तर ती मापाने बनवून आणावी लागली असती.

मी वरच्या तारांपर्यंत पोहोचलो तेव्हा काकूंनी मधली तीच पट्टी पुन्हा दाबून पाहिली. “काय ओ, मघाशी लावलासा की हा सूर, मग परत उतरला कसा?” प्रश्न रास्त होता. पेटीत एका पट्टीची जिभळी, म्हणजे सूर देणारी धातूची पातळ पात, घासली तर शेजारच्या जिभळीला त्याचा पत्ताही नसतो. पियानोत मात्र सगळ्या तारांचा दाब घोडीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडावरून, एकाच लाकडी फळीवर येतो. पुढच्या तारा ताणल्या की ती फळी किंचित दबते आणि आधी लावलेल्या तारा सैल पडतात. म्हणून पहिल्या फेरीत नेमका सूर शोधत बसण्यात अर्थ नसतो. झपाट्याने पुढे जायचे आणि स्वर जितका उतरलेला असेल त्याच्या पाव ते तृतीयांश हिश्शाने तो मुद्दाम वर नेऊन ठेवायचा. खर्जात मात्र हा जादा हिस्सा मी फारच कमी ठेवला. काकू बराच वेळ उघड्या पियानोत डोकावत राहिल्या, पण त्यांना ते पटले असावे.

दुसऱ्या फेरीनंतर सगळे ४४० च्या जवळ आले, आणि मगच कान लावून बारीक जुळणी केली. हा सूर काही आठवड्यांत पुन्हा थोडा उतरणार, त्यातही आपल्याकडचा पावसाळा संपून हवा कोरडी होत असल्याने जास्तच, म्हणून पुढची खेप मी तेव्हाच ठरवून घेतली. नवी तार ताणत राहून सर्वांत आधी बेसूर होईल. तेवढ्या एकाच स्वरासाठी घाईने बोलावू नका, असे नातीला बजावून मी निघालो.