‘मी’ म्हणायला ओठ लागतात

‘एकटे असताना बाहुल्याशी बोलता का? मन हलकं होतं का?’ मी शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा; दर खेळानंतर कुणीतरी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

हो, बोलतो. सरावच तो. आरशासमोर बसायचं, दात हलके टेकलेले, ओठ किंचित विलग. ‘आई’, ‘जा’, ‘खरं सांग’ सहज निघतं. अडतं ते प-फ-ब-भ-म पाशी, कारण तिथे ओठ हलतातच. मग ‘प’ला ‘त’, ‘ब’ला ‘द’, ‘म’ला ‘न’. मनात मात्र खरं अक्षर धरायचं आणि वाक्य वेगात सोडायचं; उरलेलं ऐकणाऱ्याचा कान भरून काढतो. नवखा एकेक अक्षर घोटत बसतो, आणि पापडाचा ‘तातड’ होतो.

आता हे शब्द घ्या: मी, प्रेम, माफी, भीती, बाबा. सगळे ओठांचे. बाहुल्याला राग फुकट मिळतो, माफीसाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं. तो उद्धट का, याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं तुमच्या मनात आहे तेच. साहेबाला जे आपण म्हणणार नाही ते तो म्हणतो, वर आपण दटावतो, ‘अरे, असं बोलू नये!’

पूर्वी मी ठणकावून सांगायचो, लाकूड आहे हो ते. मग शब्दभ्रमकार वाय. के. पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव पुढे त्यांच्या मुलाच्या, रामदास पाध्यांच्या हातात बोलत राहिला, तोही लाकूडच? आपण बोलत असताना बाहुल्याची मान जराशी तिरकी करावी लागते, नाहीतर तो मेलेला दिसतो. मान वळवणारा हात आपलाच. तरी कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. यापुढे माझं गाडं सरकत नाही.

खरी गोची होते जबड्याची दोरी तुटल्यावर. धड पोकळ, आत काठीवर डोकं, काठीला खटका. खटका दाबला की दोरी जबडा उघडते, सोडला की स्प्रिंग मिटवते. दोरी भोकाच्या कडेला घासून झिजते आणि ऐन रंगात तुटते. तोंड मिटलेलं, आवाज चालू! ते खवचट वाक्य बेवारस हवेत, आणि सगळे आपल्याकडे बघतायत. उपाय ठरलेला: त्याचं तोंड आपल्या कानाशी न्यायचं, ‘हा कानात सांगतोय’ म्हणायचं आणि तेच वाक्य आपण बोलायचं. आता ओठ मोकळे असतात, सगळी अक्षरं हाताशी असतात, तरी ते वाक्य निघत नाही. घशात अडकतं. लोक हसतात, त्यांना तो विनोदाचा भाग वाटतो.

म्हणून खेळाआधी खटका 20-25 वेळा दाबून बघावा, मेण लावलेली जादा दोरी खिशात ठेवावी. दोरी बदलायला डोकं धडातून काढावं लागतं. तेवढा वेळ ते मऊ फडक्यात गुंडाळतात, डोळे झाकून. रंग खरवडू नये म्हणून.