तुम्ही विचारलंत म्हणून : इंटरनंतर फायनलची तयारी कशी करावी?

सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या शेवटच्या (फायनल) परीक्षेआधीच्या परीक्षेचा, निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतो. विट्याचा एखादा मुलगा विचारतो, "मॅडम, दोन्ही ग्रुप निघाले, आता फायनलसाठी काय करू?" कवठेमहांकाळहून लेकीला घेऊन आलेले वडील विचारतात, की इंटरला जेवढे घासले तेवढेच पुन्हा घासले तर भागेल ना. त्यांना मी उभ्या उभ्या जे सांगते ते दरवेळी अपुरे राहते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण खरा मुद्दा त्यांनीच विचारलेला असतो. तेवढेच घासून भागत नाही, आणि दुप्पट घासूनही भागेलच असे नाही. इंटरला बहुतेक ठिकाणी नियम काय आहे ते विचारतात आणि तो नियम आकड्यांना लावून दाखवायला सांगतात. फायनलला नियम तुम्हाला येतो असे गृहीत धरून, समोरच्या भानगडीत तुम्ही काय ठरवाल आणि का ठरवाल, हे विचारतात. हा फरक कळायला मला एक अटेम्प्ट घालवावा लागला.

परीक्षेची चौकट थोडक्यात सांगते, कारण अजूनही काहीजण मोठ्या भावाच्या किंवा बहिणीच्या वेळच्या माहितीवर चालतात. परीक्षा घेणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूटची सध्याची योजना २०२३ सालची असून तिच्यानुसार परीक्षा मे २०२४ पासून सुरू झाल्या. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम करत घ्यायचे प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. ती संपल्यावर सहा महिने अभ्यासासाठी मिळतात आणि त्यानंतर फायनलला बसता येते. त्याआधी चार सेल्फ-पेस्ड मॉड्यूल, म्हणजे आपापल्या सोयीने शिकायचे छोटे अभ्यासक्रम, प्रत्येकी ५० टक्के गुण मिळवून सोडवावी लागतात. फायनलचे पेपर आता सहा, तीन-तीनचे दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के हे गणित जुनेच आहे. २०२५ पासून फायनलही वर्षातून तीनदा होते. ही सोय चांगली असली तरी "जानेवारीला नाही तर मेला" म्हणत तयारी पुढे ढकलणारी मुले मी या तीन अटेम्प्टमुळेच जास्त पाहते आहे.

आता माझ्या अटेम्प्टविषयी. मी मे २०१९ च्या परीक्षेला बसले होते. आर्टिकलशिप सांगलीतच झाली होती, स्टडी मटेरियल तीनदा वाचून झाले होते आणि ऑडिटची स्टँडर्ड्स, म्हणजे ऑडिट कसे करावे याचे नियम, क्रमांकासह तोंडपाठ होती. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागात नावा फिरत होत्या आणि आम्ही नातेवाइकांकडे वरच्या भागात मुक्कामाला होतो. पाणी ओसरू लागले त्याच सुमारास निकाल लागला. पहिला ग्रुप गेला होता आणि सगळ्यांत कमी गुण तोंडपाठ असलेल्या ऑडिटमध्ये होते, ३७.

रडायला वेळ मिळाला नाही, कारण सरांनी, म्हणजे ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली त्या सीएंनी, लगेच मदतीला बोलावले. शेतीची औषधे आणि ठिबकचे साहित्य विकणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आमच्याकडे ऑडिटला होती. तिच्या गोदामात छातीइतके पाणी शिरून गेले होते. मार्चअखेरचे हिशेब जवळजवळ तयार होते, पण त्यांवर सह्या व्हायच्या होत्या. मी कच्चा ताळेबंद घेऊन गेले तेव्हा मालक चिखलाने भरलेल्या ओसरीत उभे होते. कागद पाहून ते म्हणाले, "ताई, मालच राहिला नाही आणि तुम्ही ताळेबंदात माल दाखवताय. हे खोटं नाही का?"

मी ज्या पाठांतरावर परीक्षा दिली होती, त्यातले एकही वाक्य त्यांना ऐकवण्यासारखे नव्हते. मग मला तिथेच, माझ्याच भाषेत, विचार करावा लागला. ताळेबंद ३१ मार्चचा आहे आणि त्या दिवशी माल गोदामात शाबूत होता. पूर नंतर आला. मार्चमध्ये आधीच खराब झालेल्या मालाचा तो पुरावा नव्हे. त्यामुळे मार्चचा आकडा बदलायचा नाही, मात्र एवढी मोठी घटना घडली हे वाचणाऱ्याला सांगायचे. या कंपनीला लागू असलेल्या एएस ४ या हिशेबाच्या स्टँडर्डप्रमाणे ते संचालक मंडळाच्या अहवालात सांगायचे असते, तर मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या आणि फायनलच्या पेपरात येणाऱ्या इंड एएस १० प्रमाणे हिशेबांच्या टिपांमध्ये. मालकांना हे पटले. पण लगेच त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "आणि दुकान पुन्हा उभंच राहिलं नाही तर?"

हा प्रश्न आधीच्या उत्तराला छेद देणारा होता. पुरामुळे धंदा पुढे चालूच शकणार नसेल, तर घटना नंतरची असूनही, चालू धंदा म्हणून मांडलेले हिशेब तसेच ठेवता येत नाहीत. म्हणजे मालाच्या तारणावर बँकेने दिलेली कॅश क्रेडिट मर्यादा किती घटेल, पुरवठादार उधारी चालू ठेवतील का, विम्याचे पैसे कधी येतील, हे ऑडिटरला पाहावे लागते. एसए ५६० (ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना) आणि एसए ५७० (धंदा पुढे चालू राहील का) ही ऑडिटची दोन स्टँडर्ड्स मी पाठ केली होती, पण ती एकाच माणसाच्या एकाच प्रश्नात शेजारी शेजारी उभी राहतात हे मला त्या ओसरीत कळले.

एवढ्यावर ते थांबले नाही. वाहून गेलेल्या मालावर आधी घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावे लागते. ते क्रेडिट गेले म्हणजे तेवढा कर मालाच्या किमतीत मिसळला. मग विम्याचा दावा करताना किंमत कर धरून मांडायची की वगळून, हे पॉलिसी वाचून ठरवणे आले. दावा केला म्हणून तो उत्पन्नात धरता येत नाही, मिळण्याची जवळजवळ खात्री व्हावी लागते. आयकरात हे नुकसान मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षाचे नव्हे, पुढच्या वर्षाचे. म्हणजे एका गोदामात शिरलेल्या पाण्यात फायनलचे चार पेपर होते. आता सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, नेमका असाच असतो: मोठे प्रसंग आणि त्यांतून वेगवेगळ्या विषयांचे प्रश्न. तो पेपर पुस्तक उघडून सोडवायचा असतो, म्हणून मुले त्याला सोपा समजतात. परंतु कुठले पुस्तक उघडायचे हे ज्याला ठरवता येत नाही त्याला उघड्या पुस्तकाचा काही उपयोग नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की फायनलची तयारी आर्टिकलशिपच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी आणि ती ऑफिसातल्या कामापासून करावी. दोनशे पानी वही घ्यावी. दिवसभरात जे काम केले त्यातला एकच निर्णय निवडून रात्री चार ओळी लिहाव्यात: प्रसंग काय होता, कोणता नियम लागला, दुसरे मत काय असू शकले असते आणि शेवटी काय ठरले. काही दिवस निव्वळ व्हाउचर टिकमार्क करण्यात जातात. त्या दिवशी काही लिहायचे नसेल तर लिहू नये. अशी ओढूनताणून भरलेली वही मी पाहिली आहे, तिचा उपयोग शून्य. पण आठवड्याला दोन खऱ्या नोंदी झाल्या तरी दोन वर्षांत दोनशे होतात, आणि पहिले वाचन त्या सहा महिन्यांवर ढकलण्याची वेळ येत नाही.

सांगली-मिरजेच्या ऑफिसांत मोठ्या कंपन्यांची कामे नसतात, मग इंड एएस कुठून शिकणार, अशी तक्रार हमखास येते. ती अर्धीच खरी आहे. मार्केट यार्डातल्या अडत्याचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याची हळद त्याच्या दुकानात उतरते, सौदा होतो, पैसे बऱ्याचदा त्याच्या हातून फिरतात. मग त्याची उलाढाल कोणती, हळदीची पूर्ण किंमत की फक्त अडत? सौद्याआधी भाव पडला तर तोटा कोणाचा, माल खराब निघाला तर जबाबदारी कोणाची, भाव ठरवण्याचा अधिकार कोणाला, हे विचारत गेलात तर इंड एएस ११५ मधला प्रिन्सिपल (स्वतःच्या जबाबदारीवर विकणारा) आणि एजंट (दुसऱ्यासाठी विकणारा) यांचा संपूर्ण भाग तुम्ही वाचून काढलात असे समजा. अडत्याला स्वतःला ते स्टँडर्ड लागू नसेल, पण विचार तोच आहे. तोच अडत्या अधूनमधून स्वतःच्या नावावर माल खरेदी करून ठेवतो, तेव्हा तुमचे उत्तर बदलले पाहिजे. ते बदलले नाही तर तुम्ही पाठ केले आहे, समजून घेतलेले नाही.

प्रत्यक्ष कराचेही तसेच. साखर कारखान्याने उसाला सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा जास्त दर दिला, तर तो जादा पैसा खर्च की सभासदांना केलेली नफ्याची वाटणी, हा वाद आपल्या भागात अनेक वर्षे चालला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले, की त्या जादा दरात जेवढा नफ्याचा अंश असेल तेवढी वाटणी, आणि तो अंश किती हे अधिकाऱ्याने तपासून ठरवावे. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने सहकारी कारखान्यांना जुन्या वर्षांसाठी दिलासा मिळण्याची तरतूद आली. ज्या मुलाच्या घरी ऊस आहे त्याने हा निकाल गोष्टीसारखा वाचावा. दोन्ही बाजूंना तर्क असतो आणि तरीही कुठेतरी रेघ ओढावीच लागते, ही सवय त्यातून लागते. फायनलच्या कराच्या पेपरात गुण त्या रेघेला आहेत.

सिनियरची पुस्तके घेणाऱ्यांना मात्र एक ताकीद. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांच्या जागी एकच 'कर वर्ष' आले. आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा धरायचा हे इन्स्टिट्यूटच्या सूचनेत पाहावे आणि मगच पुस्तकाला हात घालावा. पुस्तके फुकट मिळाली म्हणून अटेम्प्ट फुकट घालवू नये.

पुण्याला जावे का, याचे माझे उत्तर सहसा नाही असे असते. चांगले क्लास आता मोबाइलवर मिळतात, आणि खोलीभाडे, मेस, दर शनिवारची एसटी यांत जाणारा पैसा आणि जीव वाचतो. ऑफिसातले काम अगदीच एकसुरी असेल, वर्षभर नुसती रिटर्नच भरावी लागत असतील, तर पुण्यामुंबईची आर्टिकलशिप विचारात घ्यावी. पण ते जाणे कामासाठी असावे, क्लाससाठी नव्हे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. मलाही होती. विचार इंग्रजीत करण्याचा हट्ट सोडा. एखादे स्टँडर्ड दुकानातल्या दिवाणजींना मराठीत समजावता आले, की ते लिहायला लागणारे इंग्रजी साधेच असते. लहान वाक्ये लिहावीत. परीक्षकाला तुमच्या भाषेचे सौंदर्य नको असते, तुमचा निष्कर्ष सापडायला हवा असतो.

राहता राहिला दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत की एकेक. दोन्ही एकदम दिले तर एका ग्रुपमधले जास्तीचे गुण दुसऱ्याच्या एकूण बेरजेला हात देतात, प्रत्येक पेपरात ४० मात्र हवेतच. आर्टिकलशिप चालू असताना निम्मा अभ्यास झाला असेल तर दोन्ही द्यावेत, असे मी म्हणते. सहा महिन्यांत कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याने एकच घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

मे २०१९ मधल्या ऑडिटच्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मी शुल्क भरून मागवली होती. तिच्यात एका उत्तरात मी स्टँडर्डचा क्रमांक बरोबर लिहिला आहे, त्यातले परिच्छेद जवळजवळ शब्दशः उतरवले आहेत आणि 'म्हणून ऑडिटरने असे करावे' या एका ओळीच्या जागी रिकामी जागा सोडून पुढचा प्रश्न सुरू केला आहे. ती प्रत कपाटात आहे. ऑफिसला आलात तर दाखवीन. येताना तुमची वही घेऊन या.