डॉक्समधला टायपो दिसला की मी थांबते

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले आणि मी एका सर्व्हरशी झगडत बसलेले. लोड वाढला की तो नवीन कनेक्शन नाकारायचा, म्हणून डॉक्समध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपानांत, बघून कॉन्फिग फाईलमध्ये (सेटिंगच्या फाईलमध्ये) कनेक्शनची मर्यादा वाढवली, रीस्टार्ट केला, काही फरक नाही. अजून वाढवली, परत रीस्टार्ट, परत तेच. फाईलच्या परमिशन बघितल्या, हा बाबा दुसरीच कुठली फाईल वाचतोय का ते बघितलं, ऑपरेटिंग सिस्टिमची ओपन फाईल्सची लिमिट बघितली, आणि शेवटी वैतागून सोर्स कोड उघडला तेव्हा दिसलं की कोडमध्ये त्या सेटिंगच्या नावात कनेक्शन्सचं स्पेलिंग नीट डबल एनने आहे आणि डॉक्समधल्या उदाहरणात एकच एन. मी ते उदाहरण जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलेलं. आणि त्या प्रोग्रॅमला अनोळखी नाव दिसलं की तो गप्प बसायचा, एरर नाही वॉर्निंग नाही, सरळ डिफॉल्ट आकडा घेऊन पुढे जायचा. तीन तास गेले त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता दुरुस्ती पाठवायला बसले. बदल एका अक्षराचा, पण पाठवायच्या आधी सगळ्या डॉक्सच्या फोल्डरमध्ये तो शब्द शोधला तर तेच एक एनवालं नाव अजून दोन पानांवर निघालं, म्हणजे कुणीतरी पहिल्या पानावरून उचलून पुढे लिहिलं होतं. तिन्ही ठिकाणी नीट केलं, पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे माझा बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या असं कळवलं, आणि सोबत एक वेगळी विनंती लिहिली की अनोळखी नाव दिसलं तर निदान लॉगमध्ये एक ओळ तरी येऊ दे. पहिली त्याच दिवशी मर्ज झाली, म्हणजे स्वीकारली गेली, दुसरीला काही महिने लागले पण झाली. आता त्या प्रोग्रॅमला चुकीचं नाव दिलं की तो सांगतो.

तेव्हापासून मला ही सवयच लागली आहे. डॉक्स वाचताना टायपो दिसला की पुढे जाववत नाही, टॅब उघडा ठेवते आणि रात्री जेवणं आवरली की दुरुस्त करून पाठवते. लोक म्हणतात की टायपो फिक्स म्हणजे ओपन सोर्समधलं (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमधलं) सगळ्यात सोपं काम, नवशिक्यांनी करायचं, मग 'खऱ्या' कामाकडे वळायचं. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच लिहायला आज बसले आहे.

एक म्हणजे चुकीचं लिहिलेलं सापडत नाही. आपण डॉक्स पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही, शोधतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, छोट्या पॅचसाठी (छोट्या बदलांसाठी) एक वेगळा रस्ता होता, ट्रिव्हियल पॅच म्हणायचे त्यांना, आणि त्या रस्त्याने काय काय पाठवलेलं चालेल याची यादी होती. त्यात डॉक्युमेंटेशनमधली स्पेलिंग तर होतीच, पण त्याशिवाय वेगळी ओळ होती की ज्या स्पेलिंगच्या चुकांमुळे ग्रेपने, म्हणजे शब्द शोधायच्या कमांडने, शोधलेलं सापडणार नाही अशा चुका. मला ती ओळ वाचून इतका आनंद झाला होता, कारण ज्या लोकांनी ती लिहिली त्यांना नक्की कळलं होतं की नुकसान कुठे होतं. वाचणारा माणूस सेपरेटच्या स्पेलिंगमध्ये ए च्या जागी ई पडला तरी अर्थ लावतो, शोधणारी कमांड लावत नाही. कर्नलच्या सोर्समध्ये आजही एक स्पेलिंगची फाईल आहे, प्रत्येक ओळीत आधी चुकीचा शब्द, मग दोन उभ्या रेघा, मग बरोबर शब्द, आणि पॅच तपासणारी स्क्रिप्ट ती वापरते. सेपरेट त्यात आहे.

कोडस्पेल नावाचं टूल पण असंच चालतं. नेहमीचा स्पेलचेकर बरोबर शब्दांची यादी घेऊन बसतो आणि यादीत नाही ते सगळं चूक म्हणतो, पण सॉफ्टवेअरच्या डॉक्समध्ये निम्मे शब्द फंक्शनची नावं, फाईलची नावं, संक्षेप, त्यामुळे पूर्ण पान लाल होतं आणि माणूस तो बंद करून टाकतो. कोडस्पेलने उलटं केलं, लोक नेहमी जे चुकीचं लिहितात त्याचीच यादी ठेवली आणि फक्त तेवढंच दाखवतो. मी रोज वापरते. पण आपोआप दुरुस्त करणारा ऑप्शन आहे ना, तो पूर्ण रिपॉझिटरीवर (प्रोजेक्टच्या सगळ्या फाईलींवर) चालवून डोळे मिटून पाठवणं मला चुकीचंच वाटतं, कारण त्याला टी-ई नावाचं व्हेरिएबल दिसलं तरी तुम्हाला 'द' म्हणायचं होतं का असं तो विचारतो. ते चूक आहे का नाही हे बघायला माणूसच लागतो. शिवाय आपण शाळेत कलरच्या स्पेलिंगमध्ये यू घालायला शिकलो, अमेरिकन माणूस घालत नाही, दोन्ही बरोबर आहे, त्या प्रोजेक्टमध्ये जे चालतं ते चालू द्यावं.

आता ज्या चुका दुरुस्त करताच येत नाहीत त्यांच्याबद्दल. वेबवर एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की ब्राउझर सर्व्हरला सांगतो की हा माणूस कुठून आला, त्या हेडरचं नाव रेफरर. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे मधे डबल आर हवा, पण हेडरमध्ये एकच आहे. १९९६ च्या मे महिन्यात वेबचे नियम सांगणारं आरएफसी १९४५ हे कागदपत्र निघालं त्यातच ते तसं गेलं, तोपर्यंत ते इतक्या ठिकाणी वापरात होतं की मागे घेणं शक्य नव्हतं, आणि त्या काळच्या युनिक्सच्या स्पेल कमांडला डबल आरवालं आणि एक आरवालं दोन्ही माहीत नव्हतं, म्हणजे मशीननेही पकडलं नसतं. नंतर रेफरर पॉलिसी नावाचं दुसरं हेडर आलं ते मात्र बरोबर स्पेलिंगने, जावास्क्रिप्टमध्येही बरोबर स्पेलिंग आहे. त्यामुळे आज एकाच पानावर दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा पानावर कुणी प्रेमाने 'टायपो फिक्स' केला तर पान चुकीचं होतं! युनिक्समधला फाईल तयार करायचा क्रिएट हा सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला काम सांगायचं फंक्शन) तसाच, त्याच्या शेवटी ई नाही. युनिक्स लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनना कुणी विचारलं होतं की युनिक्स परत लिहायचं झालं तर काय बदलाल, तर त्यांनी हेच सांगितलं की क्रिएटला ई लावेन. पण ई अजून लागलेला नाही, कारण अर्ध्या शतकाचा कोड त्या नावावर उभा आहे.

म्हणजे दुरुस्त करायच्या आधी या चुकीच्या शब्दावर कोण टेकून उभं आहे ते बघायला लागतं. हे मला कळलं ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून, आणि ती मला अजून सलते.

मी एका छोट्या डेस्कटॉप ॲपचं मराठी भाषांतर करते. त्याच्या इंग्रजी मेसेजमध्ये एक ओळ होती, फाईल सेव्ह करताना एरर आली अशा अर्थाची, त्यात ऑकर्डच्या स्पेलिंगमध्ये डबल आरच्या जागी एक आर. ही चूक तर इतकी कॉमन आहे की डोळ्याला सवय झालेली असते. मी इंग्रजी फाईलमध्ये एक आर वाढवला, पाठवला, मर्ज झाला, खूष. नवीन व्हर्जन आलं, उघडलं, आणि मुद्दाम एरर आणून बघितली तर मेसेज इंग्रजीत! मी स्वतः केलेलं मराठी भाषांतर गायब.

झालं असं की गेटटेक्स्ट नावाची जी पद्धत असते भाषांतराची, तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली असते. त्यात एक अक्षर बदललं की किल्ली बदलली, जुनं भाषांतर जुळत नाही. मग ते टूल जवळपासचं जुनं भाषांतर शोधून लावतं पण त्यावर 'फझी' असा शिक्का मारतं, म्हणजे माणसाने एकदा बघून हो म्हणा, आणि तोपर्यंत फायनल बिल्डमध्ये ते घेतच नाही. म्हणजे मी एक आर वाढवला आणि ज्या ज्या भाषांत ती ओळ होती त्या सगळ्या भाषांतल्या लोकांना ती इंग्रजीत दिसायला लागली, आणि रिलीज तोंडावर असल्यामुळे कुणाला परत बघायला वेळही मिळाला नाही. जर्मन भाषांतर करणाऱ्या बाईंनी फार शांतपणे लिहिलं की स्ट्रिंग फ्रीझच्या नंतर, म्हणजे रिलीजच्या आधी मेसेज गोठवले की, इंग्रजी ओळींना हात लावायचा नसतो, आणि लावायचाच तर सगळ्या भाषांच्या फाईलींत एकदम किल्ली बदलायची, त्याच्यासाठी एमएसजी-अनटायपॉट नावाचं टूल आहे. कुणाला तरी हेच दुखणं आधी झालेलं असणार, त्याशिवाय असं टूल कोण लिहील. मी त्याच रात्री सगळ्या भाषांच्या फाईली नीट करून पाठवल्या. मोझिलाच्या फ्लुएंट पद्धतीत हे होत नाही, तिथे प्रत्येक ओळीला वेगळा आयडी असतो, नुसतं स्पेलिंग सुधारलं आणि अर्थ तोच राहिला तर आयडीला हात लावायचा नाही, भाषांतरं जागेवर राहतात. मला ती पद्धत जास्त माणुसकीची वाटते.

मराठीकडे वळले आहे तर हेही सांगते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे आणखी ४, असे १८ नियम आपल्याकडे आहेत, आणि तरी सॉफ्टवेअरच्या मराठीत 'सुचना', 'आणी', 'दुरूस्ती' सर्रास दिसतं. ते सुधारता येतं, दिसतं तरी. जे दिसत नाही ते जास्त छळतं. ॲप हा शब्द घ्या. यातलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये, ५.१ व्हर्जनला. त्याच्या आधी लोक अ लिहून त्याला वेगळा चंद्र जोडायचे, काही जण ए वर चंद्र असलेलं हिंदी पद्धतीचं अक्षर वापरायचे. हे स्वतंत्र अक्षर आणि चंद्र जोडलेला अ स्क्रीनवर बऱ्याच फॉन्टमध्ये हुबेहूब सारख्या दिसतात, पण कॉम्प्युटरला ती वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनसुद्धा (एकच अक्षर वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलं तर एका रूपात आणायची पद्धत) त्यांना एक करत नाही. मी त्या ॲपच्या मराठी मदतपानांत फोनवरून टाईप करून 'ॲप' शोधलं तर चार ठिकाणी सापडलं, आणि नुसतं डोळ्यांनी चाळलं तर पानापानावर तो शब्द. मोजले तर २६ ठिकाणी जुन्या पद्धतीने लिहिलेला होता. सगळे बदलले. पुल रिक्वेस्टमध्ये डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ तंतोतंत सारखी दिसत होती, मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) मराठी येत नाही, त्याने विचारलं की यात बदल काय आहे, मग मी दोन्हीकडचे कोडपॉईंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) लिहून दाखवले. त्याने मर्ज केलं आणि पुढे असं होऊ नये म्हणून एक चेकही लावला. माझ्या मते मी आजवर केलेली ही सगळ्यात उपयोगाची दुरुस्ती आहे.

२०२० च्या हॅक्टोबरफेस्टबद्दल लिहिलं नाही तर राहून गेल्यासारखं वाटेल. ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्सला चार पुल रिक्वेस्ट करा आणि टीशर्ट मिळवा अशी ती स्कीम होती, आणि लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाईलमध्ये) 'अमेझिंग प्रोजेक्ट' वगैरे शब्द घुसवून मेंटेनरच्या डोक्यावर शेकड्यांनी रिक्वेस्ट ओतल्या, इतक्या की आयोजकांना सुरुवातीच्या दिवसांतच नियम बदलून, जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तेच धरायचं ठरवावं लागलं. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही बरेच होते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं होतं, कारण त्यानंतर खरा टायपो पाठवला तरी समोरचा संशयाने बघायचा.

आमच्या टीममध्ये मागच्या वर्षी आलेला एक मुलगा असाच एक बदल घेऊन आला, वाक्यात एक 'द' वाढवलेला. मॅम, एवढंच पाठवलं तर चालेल ना? मी म्हटलं, अरे पाठव की, पण पान पूर्ण वाचलंस का? नव्हतं वाचलं. मग म्हटलं आधी वाच, आणि नुसतं वाचू नकोस, त्यात दिलेली प्रत्येक कमांड तुझ्या मशीनवर चालवून बघ. तासाभराने आला, चेहरा उजळलेला, म्हणाला इन्स्टॉलची तिसरी कमांड चालतच नाही, पॅकेजचं नाव बदललंय आणि डॉक्स जुनीच राहिलीत. त्याने दोन्ही पाठवलं, वेगवेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या वेगळ्या नोंदींत), आणि मी सांगितल्यावरून परिच्छेदातल्या ओळी नव्याने तोडून मांडल्या नाहीत, नाहीतर एक शब्द बदलायचा आणि पूर्ण परिच्छेदच बदलल्यासारखा दिसायचा. मेंटेनरने त्याला नाव घेऊन थँक्यू म्हटलं. त्या वेळी मला प्रोग्रॅमिंगची प्रसिद्ध पुस्तकं लिहिणारे डोनाल्ड कनूथ आठवले, जे पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला, छपाईची का असेना, २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे, कारण २५६ सेंट म्हणजे एक हेक्साडेसिमल डॉलर. लोक ते चेक बँकेत न भरता फ्रेम करून लावतात.

सध्या माझी एक पुल रिक्वेस्ट उघडी आहे. एका लायब्ररीत एका ऑप्शनच्या नावातच स्पेलिंग चुकलेलं आहे, आणि डॉक्समध्ये कुणी ना कुणी ते दर काही महिन्यांनी 'बरोबर' करतं, मग उदाहरण चालेनासं होतं, मग कुणीतरी परत उलटं फिरवतं. इतिहास काढून बघितला तर हे पाच वेळा झालंय. नाव बदलणार नाही असं मेंटेनरने स्पष्ट सांगितलंय, जुन्या लोकांच्या फाईली मोडतील, आणि ते मला पटलं. म्हणून मी स्पेलिंगला हात न लावता त्याच्या खाली एकच ओळ घातली आहे, की हे नाव असंच आहे, कोडमध्येही असंच आहे, कृपया बदलू नका. काल त्याने विचारलं की हीच ओळ उदाहरणाच्या आत कॉमेंट म्हणून पण टाकायची का, कारण लोक उदाहरणच कॉपी करतात. टाकायलाच हवी. आज रात्री टाकते.